शेजारची जागा

सूनबाईला घोड्यांची भारी हौस आहे, अशी घरातल्या आणि गल्लीतल्या सगळ्यांची पक्की समजूत होती. नवऱ्याने तिला वाढदिवसाला घोड्यांची चित्रं असलेले कप दिले. नणंदेने घोड्यांच्या छापाचा स्कार्फ पाठवला. समोरच्या बेकरीवाल्याने एकदा घोड्याच्या आकाराचं बिस्किट मुद्दाम तिच्यासाठी बाजूला काढून ठेवलं. ती सगळ्यांना हसून थँक्यू म्हणायची, कप फळीवर मांडून ठेवायची आणि सकाळी सासऱ्यांच्या आधी जिना उतरून तबेल्यात जाऊन उभी राहायची.

तिला घोड्यांची भीती नव्हती, पण हौसही नव्हती. तिला कापड आवडायचं. लग्नाआधीपासून ती एका शिलाईच्या दुकानात कापायचं काम करायची. कोटाचं कापड टेबलावर पसरलं की तळहाताने त्याची सुरकुती काढताना तिला जे वाटायचं, ते तिने कधी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं ते नव्हतंच. मग त्या दुकानाचं छत गळायला लागलं. मालकीणबाईंनी डागडुजीसाठी थोडे दिवस दुकान बंद ठेवलं. रिकामपणी घरात बसून काय करायचं, म्हणून एका सकाळी सूनबाई सासऱ्यांच्या गाडीवर, त्यांच्या शेजारी जाऊन बसली. तिथून तिला उठता आलं नाही.

सासऱ्यांची गाडी म्हणजे एक ठेंगणी दोनचाकी आणि तिला जुंपलेली गोटी. गोटी जातीचीच बुटकी घोडी. तिची पाठ माणसाच्या कमरेला लागायची. अंगाने भरलेली, पायाने चपळ, आणि कपाळावरची झुलपं इतकी दाट की तिचे डोळे शोधावे लागत. गावातल्या तळ्याभोवती एक रुंद रस्ता होता, तिथे मोटारींना बंदी. त्या रस्त्यावर सासरे लहान मुलांना चक्कर मारून आणायचे. मागच्या बाकावर दोन मुलं बसत, पुढच्या बाकावर हाकणारा आणि वेळ पडली तर आणखी एक माणूस. सासऱ्यांचं सारं आयुष्य लगाम हातात धरण्यात गेलं होतं. आधी मोठे घोडे, मग तट्टं आणि म्हातारपणी ही गोटी. ते चाबूक बाळगायचे, पण तो घोडीला लागलेला कुणी पाहिला नव्हता. ते लगाम ओढायचेही नाहीत. बोटं नुसती मिटायचे, आणि गोटी वळायची.

त्या पहिल्या सकाळी तळ्याच्या रस्त्यावर मधोमध गटाराचं झाकण काढून ठेवलेलं होतं. भोवती काठ्या रोवून त्यांना लाल फडकी बांधली होती. गाडी रिकामीच होती. सासरे आपल्या तरुणपणातला कुठलासा किस्सा रंगवून सांगत होते. गोटी थबकली. सासऱ्यांनी टाळ्याला जीभ लावून तिला पुढे काढलं. तिने कान मागे पाडले, पण ती हुकमाची घोडी, निघालीच. सूनबाईने झडप घालून लगाम ओढला.

"बाबा, खड्डा!"

"कुठे?" सासरे म्हणाले.

त्या "कुठे" मध्येच तिला सगळं कळलं. लाल फडकी त्यांच्या नाकासमोर फडफडत होती.

मग सासऱ्यांनी अंदाजाने गाडी कडेला घेतली आणि खाली मान घालून म्हणाले, "बाजूचं सगळं गेलंय. मधलं थोडं आहे. नळीतून बघावं तसं."

"डॉक्टरांकडे जाऊ या."

"जाऊन आलो. काचबिंदू. गेलंय ते परत येत नाही म्हणाला, आणि राहिलंय त्याचा भरवसा नाही."

"घरी सांगायला हवं, बाबा."

त्यांनी तिचं मनगट धरलं. एवढ्या वर्षांत त्यांनी तिला कधी हात लावला नव्हता. "चार दिवस थांब. चार दिवस इथे माझ्या शेजारी बस. मग मीच सांगतो. आत्ता सांगितलंस तर हे उद्या काढून घेतील माझ्याकडून. मग मी काय करू? वरच्या खोलीत खिडकीशी बसू? आणि खिडकीतून काय बघू?"

तिला तेव्हा नाही म्हणता आलं नाही. तिने विचार केला, चार दिवस तर आहेत.

त्या चार दिवसांत उन्हाळा गेला, थंडी आली, गोटीच्या अंगावर जाड केस चढले, ते गळले आणि पुन्हा चढले. घरी सासऱ्यांनीच परस्पर सांगून टाकलं होतं, "सूनबाईला गोटीचा लळा लागलाय, येऊ दे तिला माझ्याबरोबर." नवऱ्याला ते फार आवडलं. दुकान पुन्हा उघडलं तेव्हा मालकीणबाईंनी निरोप पाठवला. मग दुसरा पाठवला. मग स्वतःच तळ्यावर आल्या आणि गाडीबरोबर चालत म्हणाल्या, "अगं, किती दिवस तुझं टेबल रिकामं ठेवू?" सूनबाई समोरच्या रस्त्यावरची नजर न काढताच म्हणाली, "बाबांना सोबत लागते हो." मालकीणबाई मागे पडल्या. त्यांचा चेहरा कसा झाला होता तेही तिला बघता आलं नाही, कारण समोरून सायकल येत होती.

आधी ती गुडघ्याने खुणावायची. डावा गुडघा लागला की डावीकडे, कोपर लागलं की थांबा. पण मुलांचे आईबाप गाडीबरोबर चालत असत, त्यांच्या नजरा असत. मग दोघांनी बोलण्यातच खुणा बसवल्या. "आज ऊन आहे" म्हणजे समोर माणूस आहे, हळू घ्या. "वारा सुटलाय" म्हणजे डावीकडे. "चहा घ्यायचा का?" म्हणजे ताबडतोब थांबा. गर्दीच्या दिवशी ती सकाळपासून ऊन, वारा आणि चहा यांवर अखंड बोलत असायची. आभाळ भरून आलेलं असलं तरी तिचं ऊन चालूच. एकदा एक बाई कौतुकाने म्हणाली, "किती गोड हो तुम्ही दोघं! आमच्याकडे सासरे आणि मी दिवसाला दोन वाक्यं बोललो तरी डोक्यावरून पाणी." सूनबाई म्हणाली, "वारा सुटलाय." बाई हसली. सासऱ्यांनी गाडी डावीकडे घेतली.

रात्री घरी आल्यावर तिच्याकडे बोलायला शब्दच उरायचे नाहीत. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणं हे त्याचं रोजचं काम, आणि जेवताना त्यांच्या गमती सांगणं ही त्याची करमणूक. "आज एक जाडजूड साहेब अडकले होते. दार उघडून बघतो तर गडी बूट काढून खाली बसलेला, आणि मला म्हणतो, हवा संपत आली होती! लिफ्टमधली हवा कशी संपेल? वर पंखा चालू!" सासरे खो खो हसायचे. ती ताटात बघत राहायची.

"तू हल्ली बोलत का नाहीस गं?" नवऱ्याने एकदा विचारलं.

"दमते."

"गाडीत बसून? ओढते तर गोटी!"

यावरही सासरे हसले. पण थोडं उशिरा.

दिवसा ती डोळ्यांत तेल घालून बसायची. एकदाच चुकली. तळ्याकाठून एक बाई चालली होती, अंगात करड्या रंगाचा कोट. त्याची बाही खांद्यात अशी काही बसवली होती की एकही चुणी नव्हती. कशी बसवली असेल, म्हणून सूनबाई बघत राहिली. गाडी थांबल्याचा हिसका बसला तेव्हा तिने समोर पाहिलं. एक लहान मुलगी रस्त्यात उकिडवी बसून बुटाची नाडी बांधत होती आणि गोटी आपणहून तिच्यापाशी थांबली होती. गाडीची दांडी मुलीच्या टोपीला टेकली होती. मुलीने वर पाहिलं, घोडीच्या नाकावर हात ठेवला आणि खिदळली. मागच्या बाकावरची पोरंही खिदळली.

"काय झालं?" सासऱ्यांनी हळूच विचारलं.

"ऊन आहे," ती म्हणाली.

त्यानंतर तिने कुणाच्या कपड्यांकडे पाहिलं नाही. लोक येत, जात, आणि ती फक्त अंतरं बघत राही.

पुढे गोटीच्या छातीवर जखम झाली. छातीवरून जाणाऱ्या ज्या पट्ट्यावर गाडी ओढली जाते, त्याच्या खाली केस गेले, मग कातडी लाल झाली, मग एक दिवस ओलं लागलं. सासऱ्यांच्याच बोटांना ते आधी कळलं. जनावरांच्या डॉक्टरीणबाई तबेल्यात आल्या. त्या दिवशी नवऱ्याला सुट्टी होती, तोही खाली आला. डॉक्टरीणबाईंनी जखम पाहिली, पट्टा पाहिला, गाडीची चाकं फिरवून पाहिली, आणि मग विचारलं, "गाडीत बसतं कोण कोण?"

"मी, सूनबाई आणि दोन मुलं," सासरे म्हणाले.

"एवढ्याशा घोडीला?" बाई उभ्या राहिल्या. "पट्ट्याचा दोष नाही, ओझ्याचा आहे. हिला आता विश्रांती द्या. नंतर गाडीत मोठं माणूस एकच बसेल. ते जमणार नसेल तर गाडी बंद करा. उगीच तिचे हाल करू नका."

"एवढंच ना?" नवरा म्हणाला. "मग ही उतरेल. हिची हौस झाली तेवढी पुरे. परत दुकानात जा तू, त्या बाई किती मागे लागल्या होत्या. काय बाबा?"

"हो, हो," सासरे म्हणाले. "उतरेल की. मी काय, वर्षानुवर्षं एकटाच हाकत होतो."

सूनबाई गवताच्या पेंढीवर हात ठेवून उभी होती. दीड वर्ष जे शब्द कुणाच्या तरी तोंडून ऐकावेत म्हणून तिचा जीव तगमगत होता, ते शब्द नवऱ्याने सहज, खिशात हात घालून म्हटले होते. आणि तिला जागचं हलता येईना.

संध्याकाळी ती पुन्हा खाली गेली. सासरे स्टुलावर बसून साजाला तेल लावत होते. हे काम ते डोळ्यांनी कधी करतच नव्हते. बोटं एकेक बक्कल, एकेक टाका चाचपत पुढे सरकत होती.

"तुम्ही एकटे निघणार?" तिने विचारलं.

"निघेन."

"बाबा, तुम्ही सांगा घरी. नाहीतर मी सांगते."

त्यांची बोटं थांबली नाहीत. "सांग. आणि हेही सांग की इतके दिवस तू माझ्या शेजारी बसून लोकांची पोरं गाडीत चढवत होतीस."

ती भिंतीला टेकली. बाहेर बेकरीवाल्याने खडखडत दुकानाचं शटर ओढलं.

"तसं बोलायला नको होतं मी," सासरे म्हणाले.

"पण बोललात ना."

"खरं आहे म्हणून बोललो."

ते खरंच होतं. ती म्हणाली, "मग लगाम माझ्या हातात द्या. मला शिकवा."

"तुला?" ते हसले, पण त्यात चेष्टा नव्हती. "तुला आवडत नाही ती. गोटीला कळतं ते."

"तुम्हाला माहितीये?"

"आंधळा झालोय, खुळा नाही."

म्हणजे हे सगळं त्यांना माहीत होतं. तिचं मन इथे नाही, हे जाणून ते रोज सकाळी "चल सूनबाई" म्हणत होते आणि लोकांना तिची हौस सांगत होते. तिला राग आला. तो त्यांच्यावर होता की स्वतःवर, ते तिला उलगडेना. ती काही न बोलता जिना चढून वर गेली आणि रात्रभर नवऱ्याच्या शेजारी डोळे उघडे ठेवून पडली. सांगावं तर नवरा पहिलं विचारणार, तुला कधी कळलं? आणि मग?

जखम भरली. गोटीला नवा, रुंद, आत मऊ लोकर लावलेला पट्टा आला. सूनबाईने नवऱ्याला सांगितलं, "मी बसत नाही, पण बरोबर चालत जाईन. मुलांवर लक्ष राहील." नवरा म्हणाला, "कमाल आहे बुवा तुझ्या हौसेची!" मालकीणबाईंना तिने काहीच कळवलं नाही.

नव्या पट्ट्याच्या पहिल्या सकाळी सासरे एकटे गाडीवर बसले आणि ती गोटीच्या खांद्याशी, दांडीवर हात ठेवून चालायला लागली. तिने घोडीचा लगाम तोंडाशी धरावा, हे सासऱ्यांना चालणार नव्हतं. धरून नेतात ते तट्टू, असं त्यांचं म्हणणं. गल्लीतून, बाजारातून त्या दोघांनी कसंबसं निभावलं. तळ्यावर पहिल्याच खेपेला दोन बहिणी मागच्या बाकावर बसल्या. त्यांचा बाप पिशवी सांभाळत मागून चालू लागला. आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता आणि सुट्टीच्या दिवसाची बरीच गर्दी होती.

गोटी किती तरी दिवसांनी गाडीला लागली होती आणि एका माणसाचं ओझं उतरलेलं होतं. पूल ओलांडल्यावर लांबलचक सरळ रस्ता लागला. तिने कान टवकारले आणि दुडकी चाल धरली. सासरे तिला आवरू शकले असते. त्यांनी बोटं मिटली नाहीत. सूनबाईने शेजारून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांची पाठ ताठ झाली होती, हनुवटी वर गेली होती, आणि तोंडावर असा काही आनंद होता की जणू त्यांना सगळा रस्ता लख्ख दिसत होता. पोरी ओरडल्या, "जोरात! अजून जोरात!"

दांडी तिच्या हातातून सुटली.

ती धावली. चपलेचा अंगठा तुटला, तिने चप्पल फेकून दिली. "ऊन आहे!" ती ओरडली. "बाबा, ऊन आहे! ऊन आहे!" रस्त्याच्या कडेला बसलेली माणसं आभाळाकडे बघून हसायला लागली. गाडी आणखी पुढे गेली. पुढच्या वळणावर आइस्क्रीमची गाडी उभी राहायची, तिथे मुलांचा घोळका असायचा. "चहा!" ती किंचाळली. "बाबा, चहा!" पोरींचा बाप आता तिच्याबरोबर धावत होता आणि तिच्याकडे वेड्यासारखा बघत होता.

मग तिला कळलं की तिला दुसरं काहीतरी ओरडायला हवंय, आणि ते शब्द तिच्याकडे होते.

"थांबा! बाबा, थांबा! त्यांना दिसत नाही! अहो, गाडी थांबवा कुणीतरी, माझ्या सासऱ्यांना दिसत नाही!"

सासऱ्यांनी बोटं मिटली. गोटी चालीवर आली आणि उभी राहिली, अगदी सावकाश, कुणालाही हिसका न देता.

सूनबाई धापा टाकत पोचली. गाडीच्या पुढे वळणापर्यंत रस्ता रिकामा होता. आइस्क्रीमवाला त्या दिवशी आलाच नव्हता. एका डबक्यात दोन पारवे पाणी पीत होते, बस. पोरींच्या बापाने एकेकीला उचलून खाली घेतलं. "या बाई काय म्हणाल्या?" त्याने सासऱ्यांना विचारलं. भोवती माणसं जमली.

ते काहीतरी सांगून वेळ मारून नेतील, असं तिला वाटलं. कदाचित तिला तेच हवंही होतं.

"खरं बोलली ती," सासरे म्हणाले. "मला दिसत नाही. पोरींना काही लागलं नाही ना?"

मग ते चाचपडत खाली उतरले, त्यांनी गोटीच्या पाठीवर हात ठेवला आणि लगाम पुढे केला. तो सूनबाईच्या दिशेने नव्हता, जरा बाजूला होता. तिने तो घेतला. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, अशी ती घोडीला धरून गावातून घरी आली. बेकरीवाला दारात आला, काहीतरी विचारणार होता, पण त्याने विचारलं नाही.

संध्याकाळी तळ्याभोवतीच्या बागेचे साहेब घरी आले. तिथे गाडी फिरवायची परवानगी तेच देत. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. सभ्य माणूस होता. सासऱ्यांच्या समोर खुर्चीवर बसून, चहाचा कप तसाच हातात धरून तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला आता तळ्यावर गाडी घालता येणार नाही. तुम्हालाही ते कळतंय. घरातलं दुसरं कुणी हाकणार असेल, तर त्याने येऊन मला हाकून दाखवावं. मग पुढचं बघू."

साहेब गेल्यावर नवऱ्याचा आवाज चढला. "कधीपासून माहीत होतं तुला?"

तिने सांगितलं.

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस? मी रोज समोर बसून जेवत होतो! एखाद्या पोराच्या अंगावर गाडी गेली असती म्हणजे?"

"रोज तेच डोक्यात असायचं माझ्या."

"मग?"

सासरे भिंतीकडे तोंड करून बसले होते. नवरा खोलीत फेऱ्या मारत राहिला, खोली लहान, चार पावलांत संपायची. मग नणंदेचा फोन आला. नवऱ्याने तिला सगळं सांगितलं. फोन इतका जवळ होता की तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला, "अरे, मग वहिनी आहे ना! तिला तर किती हौस आहे. तिने हाकावी गाडी. बाबा शिकवतील."

नवरा थांबला. त्याच्या चेहऱ्यावरचा ताण झर्रकन उतरला. "हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? प्रश्नच मिटला." त्याने बायकोकडे पाहिलं. आणि सासऱ्यांनीही मान वळवून तिच्या दिशेने तोंड केलं. त्यांना तर सगळं ठाऊक होतं, तरीही. त्या तोंडावर इतकी आशा होती की तिला तिथे बघवेना.

तिला कळत होतं की आता फक्त गप्प राहायचा अवकाश, आणि सगळं ठरून जाईल. उद्या सकाळी कुणीतरी खालून "चल" म्हणेल. सगळे तिच्यावर खूश असतील.

"मला घोड्यांची हौस नाही," ती म्हणाली. "कधीच नव्हती."

"अगं, पण ते कप..."

"ते तुम्ही आणलेत. मी मागितले नव्हते." ती बोलतच राहिली. "मी हाकणार नाही. मी शेजारीही बसणार नाही. उद्या मी दुकानात जाऊन विचारणार आहे. घोडी तुमच्या घरची आहे, लगाम तुम्ही धरा."

"मी? मला कामावरून वेळ कुठे आहे?"

"सुट्टीच्या दिवशी."

सासरे पुन्हा भिंतीकडे तोंड वळवून म्हणाले, "याचे हात जड आहेत."

"मग हलके करा," ती म्हणाली आणि साहेबांचा न प्यायलेला चहा उचलून मोरीकडे गेली. ती नळ सोडून बराच वेळ उभी राहिली.

दुकानात तिच्या टेबलावर आता दुसरी मुलगी कापायला बसत होती. मालकीणबाईंनी खोटं प्रेम दाखवलं नाही. "तुझी जागा गेली," त्या म्हणाल्या. "दाराजवळचं मशीन आहे. पँटचे पाय दुमडायचे, बटणं लावायची. चालेल?" तिने बॅग खाली ठेवली आणि मशीनपुढे बसली. पहिल्या दिवशी ती इतकी कमी बोलली की नव्या मुलीला वाटलं ही रागावली आहे.

घरी गोष्टी सोप्या झाल्या नाहीत. सुट्टीच्या दिवशी नवरा आणि सासरे गोटीला घेऊन बाजाराच्या मागच्या रिकाम्या मैदानावर जायचे. गाडी न जुंपता, गोटीच्या मागून चालत नवरा लगाम धरायचा, आणि सासरे आपली बोटं त्याच्या हातांमागे त्याच लगामावर ठेवून चालायचे. नवरा तणतणत घरी यायचा. "मला गाढव म्हणाले. भर मैदानात! मी एवढ्या लिफ्टा चालू करतो, आणि म्हणे तुझ्या बोटांना अक्कल नाही." पण पुढच्या सुट्टीला तो पुन्हा जायचा. बागेच्या साहेबांनी त्याला एकदा परत पाठवलं, दुसऱ्यांदा होकार दिला. मग आठवड्यातून एकदा गाडी तळ्यावर जायला लागली, मोठं माणूस म्हणून नवरा एकटाच बसायचा. गोटीला काम कमी आणि खाणं तेवढंच, त्यामुळे ती अंगाने सुटली. डॉक्टरीणबाई त्यावरही बोलायच्या.

बाकीचे दिवस सासरे वरच्या खोलीत खिडकीशी बसायचे. ज्याला ते घाबरत होते, तेच. सकाळी कामाला जाताना सूनबाई त्यांच्यासमोर चहा ठेवायची, ते कप चाचपून घ्यायचे, प्यायचे, पण तिच्याशी बोलायचे नाहीत. गल्लीतून जाताना तिला पाठीवर ती खिडकी जाणवायची. आपण ओरडलो नसतो तर? रस्ता तर रिकामा होता. गाडी थांबली असती, पोरी हसत उतरल्या असत्या, आणि त्या म्हाताऱ्या माणसाला ती दौड तेवढी मिळाली असती. मग तिला टोपीला टेकलेली दांडी आठवायची. दिवसभर हे दोन्ही तिच्या मनात आळीपाळीने यायचं, आणि दुमडपट्टी वाकडी जायची.

असे बरेच महिने गेले. एका संध्याकाळी ती घरी आली तेव्हा नवरा कामावरून आला नव्हता. खोलीत अंधार पडायला लागला होता. ती भाजीची पिशवी ठेवून आत जाणार, एवढ्यात सासऱ्यांनी विचारलं, "आज काय शिवलंस?"

तिला आधी वाटलं आपल्याला भास झाला. या घरात हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. लग्न झाल्यापासून नाही.

"एक कोट आला होता," ती म्हणाली. "पुरुषाचा. एका बाजूला खांदा उतरत होता."

"कुठल्या?"

"डाव्या."

"त्याच खांद्याला पिशवी अडकवत असेल वर्षानुवर्षं."

ती वळली. "असेल. मालकीणबाई म्हणाल्या, तूच बघ. मग मी आतून गादी भरून तो उचलला."

"बघणाऱ्याला कळेल?"

"कळू नये असाच बसवलाय."

"आणि घालणाऱ्याला?"

ती विचारात पडली. "त्याला कळेल," ती म्हणाली. "पहिले काही दिवस तरी."

सासऱ्यांनी मान हलवली. खाली तबेल्यात गोटीने लाकडावर खूर आपटला, तिची वेळ झाली होती. दोघांनीही ते ऐकलं, पण कुणी उठलं नाही.

"दिवा लावू का, बाबा?"

"लाव की. तुला लागेल."

तिने दिवा लावला, भाजीची पिशवी उघडली आणि शेंगा निवडता निवडता त्या कोटाचं अस्तर कसं घसरत होतं ते सांगायला लागली.